जुन्या कपड्यांचा दिवस

आमच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी घास घेत नसे. कावासाकीतल्या त्या जुन्या लाकडी घरात देव्हारा म्हणजे फ्रीजच्या डोक्यावर ठेवलेली एक फळी होती. आई तिच्यावर वाटीभर वरण-भात ठेवायची, भोवती पाणी फिरवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि मग आम्हाला 'बसा' म्हणायची. बेसन, आमचा लॅब्रॅडॉर, पिल्लू असताना घरात आला तेव्हा तिने त्यालाही हाच नियम लावला. त्याचं भांडं खाली ठेवायचं, 'थांब' म्हणायचं, देवापुढे पाणी फिरवायचं आणि वळून 'घे' म्हणायचं. 'घे' म्हटल्याशिवाय तो तोंड लावत नसे. लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबायची, पण मागचे पाय जागचे हलत नसत. दादा म्हणायचा, "आई, याची मुंज उरकून टाक आता." नावही दादानेच ठेवलं होतं. भाजलेल्या बेसनासारखा रंग होता त्याचा. शेजारपाजारचे जपानी लोक त्याला 'बेसान-कुन' म्हणत, आणि दादा त्यांना अगदी गंभीरपणे सांगे की भारतात हे एका मोठ्या राजाचं नाव आहे.

माझा दादा, निखिल, थंडीतल्या पळण्याच्या सरावात शाळेच्या मैदानावर खाली बसला आणि उठला नाही. त्याच्या हृदयात जन्मापासून काही दोष होता. तो आम्हाला ठाऊक नव्हता, त्यालाही नव्हता. याहून जास्त मी त्या दिवसाबद्दल लिहिणार नाही. लिहायला बसले की अजूनही हात थांबतो, आणि मी मुळातच सावकाश लिहिते.

त्यानंतरचं घर मला आवाजांनी आठवतं, किंवा न झालेल्या आवाजांनी. केरोसीनचा स्टोव्ह पेटताना होणारी टकटक. रॉकेलची गाडी गल्लीतून जाताना वाजवायची ते बालगीत. संध्याकाळी पाचला वस्तीच्या भोंग्यावरून मुलांना घरी परतायला सांगणारी धून. ती वाजली की बेसन उठायचा, दाराशी जायचा आणि चपला काढायच्या जागेच्या वर, पायरीवर, दाराकडे तोंड करून बसायचा. दादा त्याच सुमाराला शाळेतून यायचा. आमचं दार सरकतं होतं. आई काही न बोलता जायची आणि ते वीतभर उघडून ठेवायची. फटीतून बोचरी थंडी आत यायची. बाबा ऑफिसातून यायला खूप उशीर व्हायचा, त्यामुळे ती फट त्यांना बरेच दिवस माहीत नव्हती. मी दार लावायला गेले नाही, आणि आईला का म्हणून विचारलंही नाही. आम्ही दोघी आपापल्या पांघरुणात बसायचो, आणि बेसन दाराशी.

आईचं बोलणं संपल्यासारखं झालं होतं. ती स्वयंपाक करायची, भांडी घासायची, कचरा वेगवेगळा करून ज्या त्या दिवशी बाहेर ठेवायची. पण तो ठेवायलासुद्धा ती उजाडण्याआधी जायची, कोणी भेटू नये म्हणून. त्यापलीकडे तिने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. देवाची फळी तशीच होती, पण तिथे वाटी जात नव्हती. बेसनचं भांडं मात्र ती न चुकता भरायची. सवयीने 'थांब' म्हणायची, वळायची, फ्रीजवरच्या फळीकडे बघायची आणि तशीच उभी राहायची. 'घे' म्हणायचं राहून जायचं. बेसन बसलेला. आई उभी. वरणावर साय धरायची. मी 'घे' म्हणून पाहिलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत तिच्या पाठीकडे नजर लावली. शेवटी मला आईच्या खांद्याला हात लावून सांगावं लागायचं, "आई, घे म्हण ना." ती दचकायची आणि म्हणायची, "घे बाळा." कित्येक दिवस तेवढेच दोन शब्द घरात बोलले जायचे.

हे कुरोदा-सानने पाहिलं. कुरोदा-सान आमची घरमालकीण, शेजारीच राहायची. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, काटकुळी, आणि कुत्रा पाळायची परवानगी देणारी त्या भागातली बहुधा एकटीच घरमालकीण, कारण तिच्याकडे हाना नावाची म्हातारी काळी लॅब्रॅडॉर होती. शरद ऋतू लागला तेव्हा एका दुपारी ती मुळ्याची लोणची घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली. आत बेसन भरल्या भांड्यापुढे बसला होता आणि आई त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"मनू-चान," तिने मला जपानीत विचारलं, "हा किती वेळ असा बसलाय?"

"बराच वेळ. आई म्हणेपर्यंत खात नाही तो."

"मारून शिकवलंय का?"

"नाही हो. देवाला दाखवल्याशिवाय आमच्याकडे कुणीच खात नाही."

तिने लोणच्यांचा डबा खाली ठेवला. मी आईला हलवलं, आईने 'घे' म्हटलं आणि बेसन भांड्यावर तुटून पडला. कुरोदा-सान हसली नाही. ती म्हणाली, "एवढं थांबायला शिकवण्यात लोकांची वर्षं जातात. माझी गेली. आईला सांग, रविवारी तिला आणि कुत्र्याला नदीवर घेऊन जाते मी. विचारत नाहीये, सांगतेय."

मी आईला मराठीत सांगितलं, थोडं मऊ करून. आईने मान हलवून नाही म्हटलं. कुरोदा-सानला भाषांतराची गरज पडली नाही. तरी रविवारी ती आली, हानाची दोरी एका हातात आणि आईचे बूट दुसऱ्या हातात. बूट तिने आईच्या पायांशी ठेवले आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. बाबा हळूच म्हणाले, "जा सुमा. घरमालकीण आहे. भाडं वाढवेल." आईने त्यांच्याकडे बघितलं. मग बूट घातले.

तामा नदीचा काठ आमच्या घरापासून जवळ होता. उंच बांध, बांधावर गाड्यांचा रस्ता, खाली पसरलेलं गवताळ पात्र आणि त्यापलीकडे माणसाच्या उंचीचं, पिसासारख्या तुऱ्यांचं सुसुकीचं गवत. पुलावरून गाड्या गेल्या की सगळं गवत एका दिशेने वाकल्यासारखं वाटायचं. तिथे कुरोदा-सानने आम्हाला कुत्र्यांच्या एका खेळाची ओळख करून दिली; त्याच्या स्पर्धाही होत. गोळी लागून पडलेला पक्षी न चावता उचलायचा आणि मालकाच्या हातात आणून द्यायचा, हे लॅब्रॅडॉरचं मूळ काम. तिचा नवरा बदकांच्या शिकारीला जायचा, तेव्हा हानाची आई हेच करायची. आता स्पर्धांमध्ये पक्षी नसतो. पक्ष्याच्या वजनाची, कॅनव्हासची लांबट भरीव गुंडाळी असते, तिला डमी म्हणतात. लांब उभा असलेला माणूस बंदुकीचा नुसता आवाज काढतो आणि डमी हवेत फेकतो. कुत्र्याने ती कुठे पडली ते बघायचं, पण हलायचं नाही. मालक नाव उच्चारेल तेव्हाच सुटायचं, सरळ जायचं, उचलायची, सरळ यायचं आणि हातात द्यायची. जमिनीवर टाकायची नाही, चावायची नाही. हानाने हे आम्हाला करून दाखवलं, संधिवाताने लंगडत, पण एखादी वयस्क बाई देवळात फुलं वाहते तशा नेटकेपणाने.

"स्पर्धेत कोण उतरणार?" बाबांनी मोडक्या जपानीत विचारलं. ते आमच्यामागे बांधावरून येऊन उभे होते.

"ज्याचं कुत्रा ऐकतो तो," कुरोदा-सान म्हणाली आणि आईच्या गळ्यात शिट्टी अडकवली.

आईने पहिल्यांदा फुंकली तेव्हा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा काहीतरी चिरकल्यासारखं झालं. बाबा म्हणाले, "कुकर बरा याच्यापेक्षा." आणि आईच्या ओठांचा एक कोपरा हलला. ते हसू नव्हतं, पण मी आणि बाबांनी एकाच वेळी ते पाहिलं आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. त्या दिवसापासून स्पर्धा हा आमच्या घराचा एकमेव विषय झाला. मार्चनंतर आई मला घेऊन कायमची पुण्याला जाणार, असं जवळजवळ ठरलं होतं. बाबांचं काम इथेच चालू राहणार होतं, आणि बेसन कुरोदा-सानकडे. हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं, पण आईने माळ्यावरून बॅगा काढून ठेवल्या होत्या. मला वाटायचं, बेसन जर त्या स्पर्धेत धावला, आईने जर त्याला सगळ्यांसमोर हाक मारली, तर त्या बॅगा परत माळ्यावर जातील. कुरोदा-सानने नवख्या कुत्र्यांच्या गटात आमचं नाव घातलं. मी रोज मनात ती स्पर्धा खेळायचे.

घरी सरावासाठी काहीही चालेल, असं कुरोदा-सान म्हणाली होती. एवढ्या लांबीचं, एवढ्या जाडीचं, हातात धरता येईल असं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई गालिच्यावर बसली होती आणि तिच्याभोवती दादाचे कपडे होते. त्याची पळायची निळी विजार, राखाडी स्वेटशर्ट, तो घरी घालायचा तो कोपरावर फाटलेला टी-शर्ट. ते कपडे भिंतीतल्या कपाटात तसेच पडून होते, न धुतलेले. जपानमध्ये जुन्या कपड्यांचा दिवस ठरलेला असतो. पारदर्शक पिशवीत घडी करून, पाऊस नसताना, कोपऱ्यावर ठेवायचे, पालिकेची गाडी घेऊन जाते. तो दिवस किती वेळा येऊन गेला होता. पुण्याला असतो तर कुणाला तरी देऊन टाकले असते, इथे द्यायला कोणी नव्हतं. आजीने आमच्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या होत्या. आईच्या हातात तोच धावदोरा होता. पण गोधडी करून ती कुणाच्या अंगावर घालणार होती? म्हणून तिने ते कपडे कापले, आत तांदूळ आणि चिंध्या भरल्या, बाहेरून गोधडीसारखे घट्ट, जवळजवळ टाके घातले आणि डमी केल्या. बाबा आले तेव्हा त्यातली एक उचलून किती तरी वेळ हातात धरून उभे होते. ती निळी होती. मग म्हणाले, "वजन बरोबर आहे."

रविवारी कुरोदा-सानने त्यांवरून बोट फिरवलं. "आमच्या साशिको भरतकामासारखं आहे हे. किती सुंदर. कुत्र्याच्या तोंडात द्यायला वाईट वाटतंय." कापड कुणाचं ते तिला माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नव्हतं. स्पर्धेत कॅनव्हासच्या असतात, असं ती एकदा म्हणाली आणि पुढे म्हणाली, "पण जो कापड उचलतो तो कॅनव्हासही उचलतो. लॅब्रॅडॉर आहे. पडेल ते उचलेल." कुठल्याही लॅब्रॅडॉरने उचललं असतं.

मी आयुष्यात बेसनसारखा धावणारा कुत्रा नंतर पाहिला नाही. बाबा लांब जाऊन डमी फेकायचे. बेसन आईच्या डाव्या पायाशी दगडासारखा बसायचा, फक्त नाकपुड्या हलायच्या. आई वाट बघायची, जेवणाच्या वेळी बघायची तशी, आणि मग म्हणायची, "बेसन!" तो सुटायचा ते सगळं अंग फेकून. जणू यावेळी नक्की, यावेळी गवतात तोच असणार. डमी तोंडात धरून परत येताना त्याची शेपटी पाठीमागे गोल गोल फिरायची. आईच्या पुढ्यात बसून, मान वर करून, तो ती तिच्या दोन्ही हातांत ठेवायचा. आई ती घेऊन आमच्याकडे पाठ करायची आणि क्षणभर चेहऱ्याशी धरायची. मला वाटायचं, ती लाळ पुसतेय. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे, आई जाऊन अजून वर्ष झालं नाही, आणि ती काय करत होती ते मला नीट कळतं. त्या सबंध शरद ऋतूत त्या दोघांचा एकच खेळ चालला होता. आम्हाला वाटत होतं, आम्ही तयारी करतोय.

स्पर्धेच्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला, एका रुंद पात्रात, तीसेक गाड्या उभ्या होत्या. धुकं होतं. लोक पावसाळी जाकिटं घालून, हळू आवाजात बोलत, थर्मासमधला चहा पीत उभे होते. कुत्रेसुद्धा आवाज करत नव्हते. आईने थालीपीठं केली होती, दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि डब्यात दही आणि लोणचं. तिने कुरोदा-सानने दिलेली हिरवी टोपी घातली होती. दंडावर क्रमांकाची पट्टी होती. मला ती एकदम कुणी दुसरीच वाटली, एखाद्या परक्या घरातली नीटनेटकी आई.

"भीती वाटतेय?" बाबांनी विचारलं.

"मला नाही. तुम्हालाच वाटतेय. तिसरं थालीपीठ आहे ते तुमचं."

ती इतकं सलग वाक्य बोलली म्हणून बाबा खूश झाले आणि चौथं उचललं.

आमची पाळी आली. आईने बेसनची दोरी सोडून खिशात ठेवली आणि रेघेपाशी उभी राहिली. तो तिच्या पायाशी बसला. मागे उभा असलेला परीक्षक, गोल चष्म्याचा वयस्क माणूस, कुरोदा-सानच्या कानाशी म्हणाला, "हा पुतळा कुठून आणला?" तिकडे आवाज झाला. पांढरी डमी धुक्यात वर गेली आणि गवतात पडली. आजूबाजूचे दोन कुत्रे कुई कुई करून उठले. बेसनचा कानसुद्धा हलला नाही. परीक्षकाने मान हलवली. आई थांबली, आणि म्हणाली, "बेसन!"

तो गेला सरळ, बाणासारखा, जिथे डमी पडली होती नेमकं तिथे. कुरोदा-सानने माझा हात दाबला. तो डमीपाशी थांबला. वाकला. हुंगलं. आणि तिला ओलांडून पुढे गेला.

आधी वाटलं, दिसली नसेल. तो एक वळसा घेऊन परत तिथे आला, परत हुंगलं, परत सोडली. मग तो शोधायला लागला. नाक जमिनीला लावून, मोठमोठे वळसे घेत, आधी मोकळ्या गवतात, मग सुसुकीत. तुरे हलायचे तिथे तो आहे, असं कळायचं. आईने परत बोलवायची शिट्टी फुंकली. मग पुन्हा. परीक्षक सौम्यपणे म्हणाला, "कृपया कुत्र्याला बोलवा." तिला ते कळलं नाही, पण ती बोलवतच होती. तुरे हलणं दूर दूर जात होतं. शेवटी तो दिसला ते बांधाच्या चढावर, रस्त्याच्या दिशेने, नाक वाऱ्यावर धरलेलं. बांधावरच्या रस्त्यावरून एक मालवाहू गाडी येत होती. ब्रेकचा आवाज आम्हाला इथे खाली ऐकू आला.

बाबा पळत सुटले. आई पळाली नाही. ती रेघेवर उभी होती, शिट्टी तोंडातून गळून गळ्यात लोंबत होती, आणि ती मराठीत, अगदी सपाट आवाजात म्हणाली, "तो त्याला शोधतोय."

गाडी थांबली होती. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी ओरडला आणि निघून गेला. बेसन बांधावर थोडा वेळ उभा राहिला, मग वळला आणि हळूहळू परत आला. बाबा त्याच्यापर्यंत पोचले, पण तो त्यांना टाळून सरळ आईकडे आला, तिच्या पुढ्यात बसला आणि मान वर केली. तोंड रिकामं होतं. आईचे दोन्ही हात सवयीने पुढे झाले होते. तिने ते त्याच्या जबड्याखाली तसेच धरले.

"मिळाला नाही ना?" ती म्हणाली. "असू दे."

परीक्षकाने टोपी काढून वाकून नमस्कार केला आणि त्याच्या कागदावर काहीतरी लिहिलं. आमची स्पर्धा संपली होती.

आम्ही गाडीपाशी सतरंजीवर बसलो. कुरोदा-सानने पिशवीतून आईने केलेली निळी डमी काढली, नाकाशी नेली आणि मला विचारलं, "हे कापड कुणाचं आहे?" मी सांगितलं. तिने डमी परत पिशवीत ठेवली. मग बोलली ती नेहमीसारखीच कोरड्या आवाजात, पण एकेक शब्द ठेवून, म्हणजे मला भाषांतर करता यावं.

"आईला सांग. याला कॅनव्हास उचलता येत नाही असं नाही. याला वाटतं, याचं काम ते नाही. आपण याला दोन-तीन महिने एकच गोष्ट शोधायला शिकवलं."

मी सांगितलं.

"हे कपडे घरातून जायला हवेत. सगळे. वास राहता कामा नये. मग फक्त कॅनव्हास. काही आठवड्यांत तो विसरेल. कुत्रे विसरतात."

हे मात्र माझ्या तोंडातून निघेना. मी चौदा वर्षांची होते. मी जपानी ऐकत होते आणि मराठी शब्द एकेक करून येऊन दाराशी उभे होते. आई म्हणाली, "काय म्हणाल्या त्या? सांग." मी सांगितलं. 'विसरेल' हा शब्द मी खाली बघून बोलले.

"काही गरज नाही," बाबा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की शेजारच्या गाडीतले लोक वळले. "एक खेळ आहे हा. नाही खेळलो तर कुणाचं काय जातं? तेवढा एक तरी आहे घरात जो त्याला... राहू दे त्याला. मनू, सांग यांना, आम्हाला स्पर्धा नको."

मी सांगितलं. कुरोदा-सानने मान डोलावली. "स्पर्धा नको तर नको. पण तो शोधायला लागला की त्याला शिट्टी ऐकू येत नाही. आज ड्रायव्हर चांगला होता."

आई बेसनच्या पंजातले गवताचे काटे काढत होती. एकेक काटा काढून ती शेजारच्या रुमालावर ठेवत होती. सगळे काढून झाल्यावर तिने रुमालाची घडी केली. "अहो," ती बाबांना म्हणाली, "मी एकाला आणायला शाळेच्या मैदानावर गेले होते. याला आणायला रस्त्यावर जाणार नाही." मग माझ्याकडे वळून, "जुने कपडे कधी नेतात गं? बुधवारी ना?"

तिने त्या डमी उसवल्या. कापून टाकता आल्या असत्या, पण तिने सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला आणि उसवला, जसे घातले होते तसे. दोऱ्याचे तुकडे वेगळे, तांदूळ वेगळे, कापड वेगळं. मी मदत करायला बसले तर नाही म्हणाली नाही. बाबा त्या खोलीत आले नाहीत. निळ्या विजारीचे तुकडे तिने इस्त्रीची असावी तशी घडी घालून पिशवीत ठेवले. बुधवारी आकाश स्वच्छ होतं. यावेळी ती उजाडण्याआधी गेली नाही. सगळे जण आपापल्या पिशव्या ठेवायला येतात त्या वेळी गेली. बेसन बरोबर होता. तिने पिशवी ठेवली, त्याने पिशवीला नाक लावलं आणि तिथेच बसला. शेजारची एक बाई सकाळचा नमस्कार म्हणून म्हणाली, "ओहायो," आई म्हणाली, "ओहायो गोझाइमास." मग तिने दोरी ओढली नाही, ती त्याच्याजवळ उभी राहिली. गाडी आली, पिशव्या गेल्या, आणि ती दोघं घरी आली. हे लिहिते आहे त्या घरात आता आईच्या साड्या आहेत. मी अजून कावासाकीतच राहते, कपड्यांचा दिवस अजून बुधवारीच असतो, आणि मी बुधवारी सकाळी पडदे उघडत नाही.

त्यानंतरचे आठवडे कंटाळवाणे होते. बेसन कॅनव्हासच्या डमीकडे बघायचासुद्धा नाही. कुरोदा-सान म्हणाली, घाई नको. शेवटी आईने तिची स्वतःची युक्ती केली. जेवणाच्या वेळी भांड्याशेजारी डमी ठेवली आणि म्हणाली, "थांब." फ्रीजवरच्या फळीवर तिने वाटी ठेवली, पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग वळून डमीकडे बोट केलं. "घे." तो गोंधळला. तिच्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. "घे बाळा." त्याने दातांच्या टोकाने, एखादी कडू गोष्ट उचलावी तशी ती उचलली आणि तिच्या हातात ठेवली. मग तिने भांडं पुढे सरकवलं. रोज असंच. देवापुढे पुन्हा वाटी जायला लागली ती अशी.

वसंतात परत स्पर्धा झाली. नदीचं पाणी चढलं होतं, गवत कोवळं होतं. बॅगांचं काय झालं ते मला नीट आठवत नाही. एक दिवस त्या माळ्यावर होत्या, एवढंच. आई रेघेवर उभी राहिली. आवाज झाला, डमी पडली. "बेसन!" तो गेला, उचलली, सरळ परत आला. कुठे वळला नाही, कुठे थांबला नाही. तिच्या पुढ्यात बसला आणि डमी तिच्या दोन्ही हातांत ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गोल चष्म्याच्या परीक्षकाने जोरात वाजवल्या. बाबा माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांनी वाजवल्या नाहीत. आईने डमी घेतली, नकळत चेहऱ्याशी नेली, आणि तिथेच थांबली. तिला कॅनव्हासचा आणि नदीच्या पाण्याचा वास आला असेल. 'शाब्बास' म्हणायला तिला वेळ लागला. पण म्हणाली.

त्या दुपारी आम्ही थकून घरी आलो. आईने पिठलं-भात केला. नैवेद्य झाला, 'घे' झालं, बेसनने जेवून भांडं चाटून पुसलं आणि स्टोव्हपाशी आडवा झाला. आईने सवयीने दार आधीच वीतभर उघडून ठेवलं होतं. पाचची धून वाजली. बाबा, मी आणि आई, तिघंही त्याच्याकडे बघत होतो. त्याचा एक कान जरासा उचलला गेला आणि खाली आला. तो उठला नाही. धून संपेपर्यंत आम्ही बघत राहिलो. मग आई उठली, दाराशी गेली आणि वीतभर उघडं राहिलेलं दार तिने सरकवून नीट लावून घेतलं.

"थंडी येत होती," ती म्हणाली.